वाचकांचे प्रश्न : बांधाचा खर्च कोणी उचलायचा?

निसर्गव्यवस्थांच्या दीर्घकालीन रक्षणासाठी खासगी भांडवल वापरता येईल का, या विषयावर मागील अंकात आम्ही वाचकांकडून प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पहिल्या पत्राला सर्वांत जास्त जागा दिली आहे, कारण तसाच प्रस्ताव उद्या गोव्यातील कोणत्याही खाडीकाठच्या गावापुढे येऊ शकतो.

प्रश्न : आमच्या गावातील सुमारे चाळीस हेक्टर खाजण (खाडीकाठी बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली शेतजमीन) बारा वर्षे पडीक आहे. बाहेरचा बांध दोन ठिकाणी फुटला, खारे पाणी आत शिरले आणि आता निम्म्या शेतात खारफुटी वाढली आहे. अलीकडे एका कंपनीचे प्रतिनिधी येऊन गेले. खारफुटी राखण्याचा तीस वर्षांचा करार केल्यास कार्बन क्रेडिटच्या विक्रीतील वाटा कोमुनिदादीला (गावच्या सामाईक जमिनीची मालक असलेल्या जुन्या ग्रामसंस्थेला) आणि कुळांना मिळेल, असे ते सांगतात. तरुण मंडळी राजी आहेत, वडीलधाऱ्यांना शंका आहे. आम्ही काय करावे?
— एक गावकर, तिसवाडी

उत्तर : सही करण्याची घाई करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कंपनीच्या हेतूविषयी मला काही म्हणायचे नाही. अडचण कराराच्या रचनेत आहे. कार्बन क्रेडिट म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साइड शोषून ठेवल्याचा किंवा हवेत जाऊ न दिल्याचा दाखला. खारफुटीची झाडे आणि विशेषतः त्यांच्या मुळांखालचा चिखल कार्बन मोठ्या प्रमाणात आणि दीर्घकाळ धरून ठेवतात, म्हणून या दाखल्यांच्या बाजारात खारफुटीला मागणी आहे. मात्र त्या बाजाराच्या मापात खाजणातील खारटपणा सोसणारे कोरगुट भात, आतल्या ओहोळातील मासळी, थंडीत उतरणारे पक्षी किंवा बांधामुळे गोड्या राहिलेल्या विहिरी कुठेच मोजल्या जात नाहीत. त्यामुळे बांध फुटणे ही गावाची हानी असूनही हिशेबात ती कमाई ठरते, आणि बांध दुरुस्त करून शेत पुन्हा लावायचे म्हटले तर तो करारभंग होतो. तीस वर्षे म्हणजे एक पिढी. आज शाळेत जाणारे मूल शेती करण्याच्या वयाला येईल, तेव्हा त्याच्या वाटचा निर्णय आधीच होऊन गेलेला असेल.

खासगी पैशातून निसर्गव्यवस्था राखणे आपल्याला नवे नाही, हे आपल्या गावातील वडीलधाऱ्यांना माझ्यापेक्षा अधिक ठाऊक असेल. गोव्यातील सुमारे १८ हजार हेक्टर खाजण जमीन शेकडो वर्षे टिकली ती बांध आणि मानस (पाण्याची ये-जा राखणारे बांधातील दार) यांच्या आधारावर, आणि त्यांच्या देखभालीचा खर्च निघत आला तो बऱ्याच अंशी मानशीच्या लिलावातून. बोली लावणारा आपला पैसा घालतो, मानशीजवळची मासळी धरून तो पैसा नफ्यासह वसूल करतो आणि त्याने भरलेल्या रकमेतून बांधाची डागडुजी होते. खासगी गुंतवणूक, परतावा आणि राखण हे तिन्ही यात एकत्र आले होते. ही व्यवस्था जोपर्यंत शेत कसणारी माणसे बांधावर रोज जात होती, तोपर्यंत नीट चालली. भाताचे उत्पन्न खर्चालाही पुरेनासे झाले, शेते पडीक पडू लागली आणि मासळीचा भाव मात्र चढत गेला, तेव्हा काही गावांत मानशीची दारे अवेळी उघडी ठेवून खारे पाणी जास्त आत घेण्याकडे कल वाढला. लिलावाची रक्कम वाढली आणि शेत मात्र बुडाले. १९७५ च्या कूळविषयक नियमांनी बांधांची जबाबदारी कुळांच्या संघटनांकडे आली; पण ज्या संघटनेतील बहुतेक सभासद शेतीतून बाहेर पडले आहेत, ती संघटना बांधाची काळजी कशी आणि किती दिवस करणार? ज्या वस्तूचे पैसे मिळतात तीच वाढते आणि जिचे मिळत नाहीत ती हळूहळू नाहीशी होते, हे मानशीने आपल्याला दाखवले आहे. आपल्यापुढील करार वाचताना हे एवढे लक्षात ठेवावे.

आता कायद्याकडे पाहू. सागरी किनारा नियमन अधिसूचनेनुसार खारफुटी संरक्षित आहे, आणि तिचे क्षेत्र एक हजार चौरस मीटरहून अधिक असेल तर सभोवती पन्नास मीटरचा पट्टा राखावा लागतो. याचे दोन परिणाम होतात. एक म्हणजे शेतात वाढलेली खारफुटी काढून पुन्हा भात लावणे आजही सोपे नाही, म्हणून अजून मोकळे असलेले अर्धे खाजण वाचवणे अधिक निकडीचे आहे. दुसरा परिणाम कंपनीचे प्रतिनिधी कदाचित सांगणार नाहीत. प्रकल्प नसता तर जे घडले नसते, त्याच कामाचे क्रेडिट प्रामाणिकपणे देता येते. जी झाडे आपोआप उगवली आणि जी तोडायला कायद्यानेच बंदी आहे, त्यांच्यासाठी असा दावा करणे अवघड असते. असे क्रेडिट पुढे कोणी तपासून नाकारले, तर तीस वर्षांच्या बंधनात गाव अडकून राहील आणि उत्पन्न मात्र थांबेल.

रकमेविषयीही अपेक्षा माफक ठेवाव्यात. केनियातील गाझी उपसागराच्या काठी दोन गावांनी २०१३ पासून ‘मिकोको पामोजा’ नावाचा प्रकल्प चालवला आहे. तेथे ११७ हेक्टर खारफुटीवर वर्षाला सुमारे तीन हजार टनांची क्रेडिट विकली जातात आणि आरंभीच्या वर्षांत उत्पन्न बारा हजार डॉलरच्या आसपास होते. त्या पैशातून गावाला नळाचे पाणी आणि शाळेला साहित्य मिळाले, ही मोलाची गोष्ट आहे. मात्र निर्णय गावाच्या समितीकडे राहिले म्हणून ते शक्य झाले, आणि आपले क्षेत्र तर त्याच्या निम्म्याहूनही कमी आहे.

तरीही प्रस्ताव सरसकट नाकारावा, असे मी म्हणणार नाही. बांधाच्या बाहेरच्या बाजूची, नदीकडील खारफुटी लाटांचा मार अडवून बांधालाच आधार देते. तेवढ्यापुरता करार होऊ शकतो, मात्र उत्पन्नातून पहिला खर्च आतल्या बांधाच्या दुरुस्तीचा व्हावा, असे करारातच लिहून घ्यावे. वाटा ‘निव्वळ नफ्या’वर न ठरवता एकूण विक्रीवर ठरवावा, कारण तपासणी आणि प्रमाणीकरणाच्या खर्चात निव्वळ नफा सहज विरघळतो. दर पाच वर्षांनी करारातून बाहेर पडण्याची मुभा असावी. करार मराठीत किंवा कोकणीत गावसभेपुढे वाचला जावा. आणि या सर्वांआधी एक-चौदाचे उतारे (जमिनीच्या हक्कनोंदीचे कागद) काढून मालकी कोणाची, कुळ म्हणून नोंद कोणाची आणि मानशीचा हक्क कोणाचा, हे एकदा कागदावर मांडावे. तुमच्या गावात तिघांचे हक्क एकाच जमिनीवर आहेत. त्यांपैकी एकाने केलेल्या सहीतून पुढे वीस वर्षे कोर्टकचेऱ्या निघू शकतात.

एक आकडेमोडही करून पाहावी. समजा बांधाच्या नियमित देखभालीला वर्षाला पाच लाख रुपये लागतात. ठेवीवरील व्याजातून महागाई वजा जाता तीन टक्के हाती राहतात असे धरले, तर तो खर्च कायमचा भागवायला सुमारे एक कोटी सदुसष्ट लाखांची अक्षय ठेव लागेल. कंपनी, जवळची हॉटेले, परदेशात स्थायिक झालेले गावकरी आणि शासन यांना एकदाच हातभार लावायला सांगून अशी ठेव उभी करणे, हे मला तीस वर्षांच्या कार्बन करारापेक्षा अधिक भरवशाचे वाटते. भूतानने २०१७ मध्ये ‘भूतान फॉर लाइफ’ या योजनेत साधारण अशाच प्रकारे अनेकांकडून एकदाच ४ कोटी ३० लाख डॉलर एकत्र केले : देणगीदारांनी सगळी रक्कम ठरल्याशिवाय पैसे सोडले नाहीत, आणि चौदा वर्षांत सरकारने आपला वाटा वाढवत नेऊन अखेरीस संरक्षित क्षेत्रांचा पूर्ण खर्च उचलावा, असे ठरले.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे. माझ्याकडील तीन-चार लाख रुपये अशा ठिकाणी ठेवावेत, की मला व्याजही मिळेल आणि जंगल वा नदीही राखली जाईल, अशी माझी इच्छा आहे. असे काही आहे का?
— म्हापसा

उत्तर : आपल्या इच्छेचा मी मनापासून आदर करतो, म्हणूनच सरळ सांगतो : आज आपल्यासारख्या बचतदारासाठी या दोन्ही गोष्टी एकत्र देणारा सुरक्षित पर्याय जवळपास नाही. भारत सरकारने जानेवारी २०२३ पासून हरित रोखे काढले आणि पहिल्या वर्षी १६ हजार कोटी रुपये उभे केले. ते सुरक्षित आहेत, पण पैसा मुख्यत्वे सौरऊर्जा, रेल्वे, मेट्रो यांसारख्या कामांकडे जातो. हवामानाच्या दृष्टीने तो उपयोगी असला, तरी आपल्या मनातील जंगल त्यातून राखले जाईल असे नव्हे.

सेबी या भांडवली बाजाराच्या नियामक संस्थेच्या देखरेखीखालील सामाजिक शेअर बाजारात नोंदणी झालेल्या सेवाभावी संस्था ‘शून्य व्याज, शून्य मुद्दल’ नावाचे रोखे काढू शकतात, आणि वन व वन्यजीव संरक्षण हे तेथे मान्य असलेल्या कामांपैकी एक आहे. नावातच सांगितल्याप्रमाणे येथे व्याज नाही आणि मुद्दलही परत येत नाही. ही हिशेब आणि अहवाल यांची बांधिलकी असलेली देणगी आहे. माझा सल्ला असा, की म्हातारपणाच्या आधाराचे पैसे बँकेत किंवा पोस्टात ठेवावेत आणि त्यावरील व्याजाचा एखादा भाग, मनात येईल तेवढा, अशा कामाला द्यावा.

निसर्गरक्षणातून परतावा कसा निर्माण होतो हे समजून घ्यायचे असेल, तर जागतिक बँकेचे २०२२ मधील ‘गेंडा रोखे’ पाहण्यासारखे आहेत. पंधरा कोटी डॉलरचे हे रोखे पाच वर्षांचे होते. गुंतवणूकदारांनी वार्षिक व्याज सोडले, ती रक्कम दक्षिण आफ्रिकेतील दोन उद्यानांत काळ्या गेंड्यांच्या रक्षणासाठी गेली, आणि गेंड्यांची संख्या वाढल्यास मुदतीअखेर त्यांना जादा रक्कम मिळेल असे ठरले. ती जादा रक्कम गेंड्यांनी कमावलेली नसून जागतिक पर्यावरण निधी या सार्वजनिक संस्थेने देऊ केलेली होती. कोणी ‘निसर्गातून हमखास परतावा’ असे सांगत आले, तर शेवटी पैसे कोण देणार आहे, एवढेच विचारावे. १९९० च्या दशकात सागवान लागवडीच्या नावाने मध्यमवर्गाची जी फसवणूक झाली, तिच्यानंतर १९९९ मध्ये सेबीला सामूहिक गुंतवणूक योजनांसाठी स्वतंत्र नियम करावे लागले. आपल्या पिढीला तो काळ आठवत असेल.

प्रश्न : सत्तरीत आमचे कुळागर (सुपारी-मिरीची बाग) आहे आणि त्याच्या वरच्या अंगाला सात हेक्टर डोंगर आहे. बारमाही झरा त्याच डोंगरातून येतो. डोंगर विकण्यासाठी दलाल मागे लागले आहेत. माझे भाऊ विकायला तयार आहेत. न विकता त्यातून काही उत्पन्न काढता येईल का?
— वाळपई

उत्तर : प्रथम त्या डोंगराची कायदेशीर स्थिती तपासावी. गोव्यात खासगी वन ठरवण्यासाठी तीन निकष लावले जातात : पंचाहत्तर टक्के झाडे वनजातीची, झाडांच्या छत्राची घनता किमान ०.४ (म्हणजे जमिनीचा चाळीस टक्के भाग फांद्यांच्या छायेखाली) आणि सलग क्षेत्र किमान पाच हेक्टर. आपले सात हेक्टर त्यात बसत असतील, तर केंद्राच्या परवानगीवाचून तेथे बांधकाम होऊ शकत नाही. दलाल देऊ करीत असलेला भाव बांधकामाच्या आशेवर उभा असेल, तर ती आशाच कितपत खरी आहे, हे आपल्या भावांना कळायला हवे. पुष्कळदा कुटुंबातील वाद एवढ्यानेच शांत होतो.

उत्पन्नाच्या बाबतीत शेजारच्या कोकणातील अनुभव उपयोगी पडेल. पुण्याची अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशन ही संस्था उत्तर सह्याद्रीत आणि कोकणात खासगी जंगलांच्या मालकांशी संरक्षण करार करीत आली आहे. मालक ठरावीक वर्षे झाडे तोडणार नाही आणि त्याबदल्यात त्याला किंवा गावाला मोबदला मिळेल, असे त्यांचे स्वरूप असते. याच संस्थेने बेहडा आणि हिरडा यांच्या फळांना ‘फेअरवाइल्ड’ हे प्रमाणपत्र मिळवून देऊन परदेशी वनौषधी चहाच्या कंपनीपर्यंत ती पोहोचवली. सरपणासाठी विकल्या जाणाऱ्या जुन्या बेहड्याच्या ढोलीत धनेश घरटे करतो. झाड उभे ठेवून दरवर्षी फळांचे पैसे मिळू लागले, तेव्हा मालकाला ते तोडण्याचे कारण उरले नाही. आपल्या डोंगरावर बेहडा, हिरडा, वावडिंग, मुरुडशेंग यांपैकी काय आहे, याची मोजणी एका मोसमात होऊ शकते.

झऱ्याचे मोल मला याहूनही मोठे वाटते. न्यूयॉर्क शहराने १९९७ मध्ये कॅट्सकिल डोंगरातील शेतकरी आणि गावांशी करार करून पाणलोट राखण्यासाठी पैसे दिले, आणि त्यामुळे अब्जावधी डॉलरचा शुद्धीकरण प्रकल्प उभारणे टळले. आपल्याकडे हिमाचलमधील पालमपूर नगर परिषदेने २०१० मध्ये बोहल गावाच्या वन समितीशी वीस वर्षांचा करार केला : गावाने झऱ्याच्या वरचे जंगल राखायचे आणि नगर परिषदेने वर्षाला दहा हजार रुपये द्यायचे. रक्कम अगदीच लहान आहे, तरीही खालच्या अंगाने पाणी पिणाऱ्याने वरच्या अंगाला जंगल राखणाऱ्याचे देणे मान्य केले, हे मला फार महत्त्वाचे वाटते. गोव्यात ओपा येथील जलप्रकल्पाचे पाणी पणजीच्या नळाला येते, साळावली धरणाचे दक्षिण गोव्यातील हॉटेलांना. ज्या डोंगरांवरून ते येते, तेथील लोकांना त्या बिलातून एक पैसाही मिळत नाही. हा मुद्दा सत्तरी, सांगे आणि धारबांदोड्याच्या लोकप्रतिनिधींनी विधानसभेत मांडायला हवा, असे मला कित्येक वर्षे वाटत आले आहे.

आपल्यापुरते बोलायचे, तर खालच्या अंगाला त्याच झऱ्यावर चालणारी किती कुळागरे आहेत ते पाहावे. सुपारी, मिरी आणि केळी त्या पाण्यावर उभी आहेत, म्हणून डोंगर टिकण्यात त्या सर्वांचे हित आहे. पाच-सहा कुळागरवाल्यांनी मिळून आपल्या भावांचा हिस्सा विकत घेतला आणि डोंगर सामाईक राखला, तर त्याहून साधी आणि टिकाऊ खासगी गुंतवणूक मला सुचत नाही.

प्रश्न : कंपन्या एका हाताने डोंगर कापतात आणि दुसऱ्या हाताने झाडे लावून पुण्य विकत घेतात. अशांचा पैसा निसर्गरक्षणासाठी घेणे योग्य आहे का?
— एक विद्यार्थिनी, केपें

उत्तर : तुमचा राग रास्त आहे. ज्या पैशाच्या मोबदल्यात दुसरीकडे नाश करण्याची मुभा विकत घेतली जाते, तो पैसा घेऊ नये, या मताचा मीही आहे. नुकसान प्रथम टाळावे, मग कमी करावे आणि उरलेल्याची भरपाई करावी, हा क्रम उलटा झाला की रक्षणाचा निधी नाशाचा परवाना बनतो. पर्जन्यवनांच्या कार्बन क्रेडिटबद्दल २०२३ मध्ये झालेल्या शोधपत्रकारितेने असे गंभीर प्रश्न जगभर उभे केले. आपल्याकडे झाडे लावल्याबद्दल क्रेडिट देणाऱ्या केंद्र सरकारच्या हरित क्रेडिट योजनेच्या २०२४ मधील पहिल्या पद्धतीत झाडागणिक एक क्रेडिट ठरवले होते आणि हेक्टरी किमान ११०० झाडांची अट होती. गोव्यातील सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, पावसाळ्यात जी रानफुले आणि गवते उगवतात, त्यांना अशा मापात स्थान नाही. सड्यावर अकेशिया लावणे म्हणजे एक निसर्गव्यवस्था पुसून तिच्या जागी खांब उभे करणे होय.

दुसरीकडे, पैशाची गरजही खरी आहे. २०२० मधील एका आंतरराष्ट्रीय अहवालानुसार जगात जैवविविधतेवर वर्षाला साधारण १२४ ते १४३ अब्ज डॉलर खर्च होतात आणि गरज ७२२ ते ९६७ अब्जांची आहे. कंपनी कायद्याने सामाजिक जबाबदारीसाठी ठरवलेला नफ्याचा दोन टक्के वाटा निसर्गरक्षणालाही देता येतो. मात्र चालू प्रकल्पाची मुदत आरंभाचे वर्ष सोडून तीन वर्षांपलीकडे जाऊ शकत नाही. तीन वर्षांत रोपटी लावून छायाचित्रे काढता येतात, जंगल वाढवता येत नाही. म्हणून हा पैसा एखाद्या कामाची सुरुवात करायला घ्यावा, चालवण्यासाठी त्यावर विसंबू नये.

खाणींच्या बाबतीत गोव्यापाशी याहून भक्कम आधार आहे. सर्वोच्च न्यायालयाने २१ एप्रिल २०१४ च्या निकालात लोहखनिजाच्या विक्रीमूल्याचा दहा टक्के भाग एका कायमस्वरूपी निधीत जमा करण्यास सांगितले, ज्यायोगे संपणाऱ्या खनिजातील काही वाटा पुढील पिढ्यांसाठी राहावा. ती कोणाची कृपा नसून देणे आहे. खासगी कंपनीच्या देणगीपेक्षा अशा देण्याची मागणी करणे मला अधिक स्वाभिमानाचे वाटते, आणि त्या निधीच्या हिशेबाविषयी तुमच्या वयाच्या मुलांनी विचारत राहावे अशी माझी इच्छा आहे.

सुरुवात तुमच्या पंचायतीपासून करता येईल. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी आणि तिने लोकांची जैवविविधता नोंदवही तयार करावी, असे अपेक्षित आहे. ती नोंदवही मागून पाहा. तिच्यात तुमच्या गावातील देवराई, तळी आणि सडे आहेत का, हे तपासा, आणि नसतील तर ग्रामसभेत ते लिहून घ्यायला लावा. उद्या कोणी कराराचा कागद घेऊन आले, तर काय राखायचे आहे हे सांगणारा गावाचा स्वतःचा कागद तोच असेल.